समुद्रात स्कोप आहे का

मी डॉक्टर व्हायचं हे मी सातवीत असताना ठरलं, आणि ठरवलं अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे वडील, निलंगा डेपोत एसटीचे कंडक्टर. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते औशाकडच्या एका गावी मुक्कामाच्या गाडीवर होते. उजाडल्यावर ती गाडी किल्लारीच्या बाजूला पाठवली गेली, जखमी माणसं लातूरच्या दवाखान्यात न्यायला. माझी मावशी, मायची पाठची बहीण, तिकडच्याच एका खेड्यात दिलेली होती. तिसऱ्या की चौथ्या फेरीला लोकांनी तिला दाराच्या फळीवर घालून आणलं आणि नेमकं अण्णांच्या गाडीत ठेवलं, शेवटच्या लांब सीटवर. ती परत आली नाही.

दोन दिवसांनी अण्णा घरी आले. खाकी ड्रेसवर पांढरी माती वाळून बसली होती. मायनं एवढंच विचारलं, "बोलली का काही?"

अण्णांनी तिकिटांची पेटी खाली ठेवली. मग म्हणाले, "डॉक्टर भेटला न्हाई येळेवर." आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "आपल्या घरात एक डॉक्टर पायजे."

न बोलताच ते पक्कं झालं.

आमचं घर माळवदाचं, मातीच्या छताचं होतं. ते पडलं नाही, नुसती एक भिंत फुगली. पण माय त्यात परत झोपली नाही. समोरच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड उभं केलं, त्यात आम्ही दोन वर्षं राहिलो. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, माय ओलं पोतं टाकायची, पण आत चल म्हटलं की उठून चुलीपाशी जायची. त्या शेडमध्येच मी दहावीचा पाया घातला आणि पुढं बऱ्यापैकी मार्क घेतले. मग सगळे जात होते तशी मीही लातूरला गेले.

लातूर तेव्हा झपाट्यानं बदलत होतं. भूकंपानंतर स्लॅबखाली झोपायला घाबरणारी माणसं आता बाहेरगावच्या पोरांना खोल्या द्यायला मजल्यावर मजला चढवत होती. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या. आम्ही चार मुली एका खोलीत राहायचो. पहाटे साडेपाचला फिजिक्स, मग कॉलेज, संध्याकाळी केमिस्ट्री, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर नंबर. जेवणाचा डबा निलंग्याहून सकाळच्या गाडीनं यायचा. कंडक्टर अण्णांच्या ओळखीचाच असायचा, तो डबा हातात देताना म्हणायचा, "काय डॉक्टरीणबाई, चाललंय ना?" मी हो म्हणायचे. फिजिक्स मला कळत नव्हतं. कळत नाही हे सांगायला वेळही नव्हता, कारण तोपर्यंत पुढचा धडा सुरू झालेला असायचा.

जीवशास्त्र मात्र आवडायचं. का, ते सांगता येत नाही. प्रॅक्टिकलच्या खोलीत कपाटात काचेच्या बरण्या होत्या. तारामासा, समुद्रफूल, एक जेलीफिश. सगळे पांढरेफटक, उकडलेल्या बटाट्यासारखे. आम्ही त्यांच्याकडे न बघता छापील पुस्तकातून आकृत्या उतरवायचो, सगळेच तसं करायचे. एकदा तारामाशाकडे बोट दाखवून मी सरांना विचारलं, "सर, हा खरा कोणत्या रंगाचा असतो?"

"रंग परीक्षेला येत नाही," सर म्हणाले. रागावून नाही. त्यांना पुढच्या बॅचची घाई होती.

बरण्या पुसणारे एक चाचा तिथं होते, लॅबमध्ये जुने. सर गेल्यावर ते म्हणाले, "आया तो नारंगी था बेटा. दवा में रह को सफेद हो गया."

त्या एका वाक्यानं माझं आयुष्य बदललं वगैरे काही झालं नाही. मी खोलीवर गेले आणि केमिस्ट्रीची सूत्रं पाठ केली. पण त्यानंतर वाचनालयात बसले की हात आपोआप त्याच पुस्तकांकडे जायचा. मी समुद्र बघितलेला नव्हता. घरात कुणीच बघितलेला नव्हता. एका रविवारच्या पुरवणीत करिअरच्या सदरात सागरी जीवशास्त्रावर चार ओळी आल्या होत्या. शेवटची ओळ होती, 'या क्षेत्रात भरपूर संधी उपलब्ध आहेत.' मी ती कापून वहीत ठेवली. भरपूर म्हणजे किती आणि उपलब्ध म्हणजे कुठं, हे त्यात नव्हतं.

सीईटीत माझा मेडिकलचा नंबर हुकला. अण्णा म्हणाले, "रिपीट कर." मी एक वर्ष रिपीट केलं. त्या वर्षाबद्दल फारसं आठवत नाही, एवढंच आठवतं की क्लासमध्ये रिपीटरांना मागचे बाक असायचे आणि आम्ही एकमेकींची नावंही विचारत नव्हतो. दुसऱ्यांदाही हुकला. निकालाच्या दिवशी अण्णा ड्युटीवर गेले, संध्याकाळी आले, हातपाय धुतले आणि जेवले. मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी ओरडायला पाहिजे होतं असं मला वाटत राहिलं.

मग नांदेडला मामाकडे राहून बी.एस्सी. केलं. मामाचं घर गोदावरीच्या बाजूला होतं. तिथं मत्स्यशास्त्र शिकवायला एक मॅडम होत्या, तिशीतल्या, सायकलवर यायच्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला थांबवून एक फॉर्म दिला. कोकणातल्या एका संस्थेत सागरी जीवशास्त्राचं एम.एस्सी. होतं, तोंडी परीक्षा घेऊन प्रवेश.

"तुझं डोकं यात चालतं," मॅडम म्हणाल्या. "भरून टाक."

मी विचारलं, "पुढं नोकरी लागते का मॅडम?"

त्या हसल्या. "मी पीएच.डी. आहे. इथं तासावर शिकवते. उन्हाळ्यात तास नाहीत, तर पगारही नाही."

"मग तुम्ही मला का सांगताय?"

"तेच मला पण कळून नाही राहिलं," त्या म्हणाल्या आणि सायकलचं कुलूप काढू लागल्या. "पण भर."

फॉर्म मी आठ दिवस पुस्तकात ठेवला. एकीकडे वाटायचं, दोनदा नंबर हुकला, आता तिसरा खेळ नको. बी.एड. करावं, कुठल्या तरी शाळेत लागावं. लातूरच्या एका क्लासवाल्यांनी निरोपही पाठवला होता, अकरावीच्या बॅचला जीवशास्त्र शिकवशील का म्हणून. ती हातातली गोष्ट होती. दुसरीकडे काय होतं? एक कात्रण, आणि स्वतःच अधांतरी असलेल्या एक मॅडम. मला समुद्राची ओढ आहे की फक्त डॉक्टरकीतून सुटायचं आहे, हेही मला कळत नव्हतं. कधी वाटायचं ओढ आहे. आंघोळ करून आलं की वाटायचं, कसली ओढ, पाण्यात पोहता तरी येतं का आपल्याला?

त्या आठवड्यात अण्णांची गाडी नांदेडला आली. स्टँडच्या कँटीनमध्ये मी त्यांना सांगितलं.

"समुद्री म्हणजे मासे?" त्यांनी विचारलं.

"मासेच असं नाही. समुद्रातलं सगळंच."

"त्यात स्कोप हाय का?"

"पेपरात आलं होतं. भरपूर म्हणून."

"किती भरपूर?"

अण्णांनी चहा संपवला. ते नाही म्हणतील, संपलं म्हणतील, अशी माझी तयारी होती, पण ते उठून म्हणाले, "इचारतो."

कुणाला विचारणार, ते मला नंतर कळलं. अण्णांनी महिनाभर आपल्या गाडीतल्या माणसांना विचारलं. तिकीट फाडता फाडता. निलंगा-उदगीर, निलंगा-लातूर, कधी अहमदपूर. चष्मेवाला दिसला की विचारायचं, हातात फाइल दिसली की विचारायचं. उत्तरं जुन्या वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांचा हिशेब लिहायच्या कागदाच्या, मागं पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. महिन्यानं मी निलंग्याला गेले तेव्हा त्यांनी ते कागद माझ्यापुढं ठेवले आणि वाचून दाखवले. धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी म्हणाला होता, आंध्राकडं कोळंबीचे तलाव हायत, तिथं शिकलेली माणसं ठेवतेत. एक मास्तर म्हणाले, त्यापेक्षा नर्सिंगला घाला. एक बँकेतले साहेब म्हणाले, परदेशात लई मान हाय. एका म्हातारीनं विचारलं, मासे पकडायला शिकून काय करायचं, लेकराला धड शाळेत घाला. आणि शेवटी अण्णांनी स्वतःचं लिहिलं होतं, 'हे शिकलेला एक बी माणूस अजून गाडीत बसला न्हाई.'

"मला काय कळंना," ते म्हणाले. "तुला कळायलंय का?"

"नाही," मी म्हणाले.

माय चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "जमीन हलली ते बघितलं की. आता जे सदाच हलतंय त्यावर जातीस व्हय?"

अण्णांनी कागदांची घडी करून खिशात ठेवली.

फॉर्म मी शेवटच्या तारखेला भरून टाकला होता, तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. अण्णांनी रजा काढली. लातूर, सोलापूर, कोल्हापूर, सगळं एसटीनं, प्रत्येक गाडीत अण्णा आधी कंडक्टरशी ओळख काढायचे, मग आम्हाला बसायला जागा मिळायची. घाट उतरताना मला तीन वेळा उलटी झाली. अण्णा खिडकीतून माझं डोकं धरून म्हणाले, "घाटात अशी गत, बोटीत काय व्हईल?" ते चेष्टा करत होते की घाबरले होते, मला समजलं नाही.

दुपारी आम्ही समुद्र बघितला. ओहोटी होती. मला वाटलं होतं काही तरी आत हलेल. समोर चिखल होता, लांबवर पाण्याची एक पांढरी रेघ होती, आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास येत होता. खडकांवर चिकटलेले शिंपले, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे, खड्ड्यातल्या पाण्यात चिखलाच्याच रंगाचं एक समुद्रफूल. बोट लावलं तर ते मिटलं. मी दुसऱ्यांदा लावलं. खूप वेळ तशीच बसून राहिले. आनंद झाला होता का? अजून सांगता येत नाही. चिखलात चप्पल रुतली होती, पण उठावंसंही वाटत नव्हतं.

अण्णा मात्र पाण्याच्या रेघेकडे बघत उभे होते. त्यांनी जाळं विणत बसलेल्या एका माणसाला विचारलं, "पाव्हणं, हे पाणी परत कवा येतंय?"

"सहानंतर भरती."

"रोज सहालाच?"

"नाय ओ. रोज पाऊण-एक तास पुढे जाते."

अण्णांना हे फार आवडलं. परत येताना ते म्हणाले, "रोज लेट हाय, पर लेटबी ठरलेला हाय. आमच्या डेपोपेक्षा बरं."

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा झाली. तीन जण बसले होते. त्यांनी विचारलं ते मला येत होतं. लातूरच्या पाठांतराचा तिथं उपयोग झाला, हे मान्य करायला पाहिजे. मग एकांनी विचारलं, "पोहता येतं?"

"नाही."

"बोटीत बसलाय कधी?"

"नाही सर. समुद्र कालच बघितला."

ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "कसा वाटला?"

"चिखल जास्त होता," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाहेर आल्यावर त्यातलेच एक वयस्कर सर चहाच्या टपरीवर भेटले. अण्णांनी त्यांना गाठलं आणि गाडीतल्या माणसाला विचारावं तसं सरळ विचारलं, "साहेब, पोरगी माझी हाय. खरं सांगा. पुढं काय?"

सरांनीही सरळ सांगितलं. सरकारी जागा थोड्या, त्या कधी निघतील नेम नाही. संशोधन करायचं तर पीएच.डी., तोवर प्रकल्पावर काम, प्रकल्प संपला की काम संपलं. मासळीच्या कारखान्यात तपासणीचं काम मिळतं. कोळंबीच्या केंद्रांत मिळतं, पण ती गावापासून लांब असतात, मुलींना घेताना कुरकुर करतात. "मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "आम्ही घेऊ तिला. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, माझ्या मुलाला मी इंजिनिअरिंगला घातलंय."

अण्णांनी मान हलवली. त्यांच्या वेबिलांच्या मागं हे एवढंच लिहायचं राहिलं होतं, असं मला वाटलं. मी मनात म्हणाले, झालं, संपलं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ते नाही म्हणतील, मी थोडी रडेन, लातूरच्या क्लासला जाईन, आणि पुढं जन्मभर म्हणायला मोकळी राहीन की मला करायचं होतं, घरच्यांनी करू दिलं नाही.

सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर आम्ही सोलापूर गाडीची वाट बघत बसलो होतो. अण्णा म्हणाले, "तू ठरीव."

"म्हणजे?"

"जा म्हणत न्हाई, जाऊ नको म्हणत न्हाई. तू ठरीव."

मला इतका राग आला की मी ओरडलेच. "डॉक्टर व्हायचं तुम्ही ठरवलं. रिपीट कर तुम्ही म्हणालात. आता मला काही कळत नाही तेव्हा म्हणताय तू ठरव? तुम्ही सांगा ना!"

शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. अण्णांनी खाली बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या मावशीला डॉक्टर भेटला होता."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले ते.

"लातूरला गाडी थांबली तवा दारातच उभा होता. तरणा पोरगा. त्यानंच तिला उचललं. सलाइन लावलं, सगळं केलं. माझ्या म्होरं केलं. त्याच्या हातावरच गेली ती."

"मग तुम्ही मायला..."

"तिला काय सांगू? सगळं झालं अन् तरी गेली म्हणू? डॉक्टर न्हाई भेटला म्हणलं की एक कारण तरी व्हतंय. मग तेच म्हणत बसलो. तुलाबी त्याच्यात ओढली."

सोलापूर गाडी लागली. आम्ही चढलो. माझी वर्षं 'डॉक्टर भेटला न्हाई' या एका वाक्यावर उभी होती, फिजिक्सचे पहाटेचे क्लास, मागचा बाक, सगळं. आता त्याखालचं काढून घेतलं होतं आणि मला रागही धरता येत नव्हता, कारण अण्णा खिडकीशी बसून रडत होते. मी त्यांना पाणी दिलं. मायला हे सांगायचं की नाही, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. बरोबर केलं की चूक, देव जाणे.

निवड झाल्याचं पत्र आलं. लातूरच्या क्लासवाल्यांचाही पुन्हा निरोप आला. उत्तर द्यायला आठ दिवस होते. पहिल्या दिवशी मी क्लासला हो म्हणून पत्र लिहिलं आणि टाकलं नाही. पाचव्या दिवशी संस्थेला नाही म्हणून लिहिलं, तेही टाकलं नाही. सातव्या दिवशी अण्णांनी विचारलं, "उद्याच्या सातच्या गाडीत तुझी जागा धरून ठिवू का?" मी धरा म्हणाले. हा निर्णय होता का? मला वाटतं, मी फक्त गाडी चुकवायची नाही म्हणून गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. पहिल्या सहा महिन्यांत बोटीत बसले की मी आडवी व्हायचे. बरोबरीच्या मुली म्हणायच्या, मराठवाड्याचं लेकरू आलंय, त्याला बादली द्या. नंतर सवय झाली. पोहायला शिकले, नीट कधीच आलं नाही. एम.एस्सी. झालं, मग तीन वर्षं एका प्रकल्पावर सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक मोजले. पाण्याच्या एका थेंबात केवढी गर्दी असते ते बघताना दिवस कसे गेले कळलं नाही. सर म्हणाले होते तसंच झालं, प्रकल्प संपला, काम संपलं. एक वर्ष मासळीच्या कारखान्यात पांढरा कोट घालून कोळंबी तपासली. माय शेजारणींना सांगायची, पोरगी पांढरा कोट घालते. खोटं नव्हतं.

शेवटी मत्स्य विभागाची परीक्षा पास झाले आणि नेमणूक कुठं मिळाली, तर नांदेडला. समुद्रापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब. धरणांतले रोहू, कटला, त्यांचं बीज, भोई समाजाच्या सोसायट्या, वाद, पंचनामे, कागद. काम वाईट नाही. जाळं टाकणारी माणसं मला मॅडम म्हणतात आणि पाण्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणतात. लातूरचा तो क्लास आता चार मजली झालाय. त्यात शिकवायला लागलेली माझी मैत्रीण माझ्याकडे येते तेव्हा म्हणते, तुझं बरं आहे, तुला आवडतं ते मिळालं. मी तिला म्हणते, तुझं बरं आहे. आम्ही दोघी खरं बोलतो असं मला वाटतं.

मागच्या आठवड्यात ऑफिसात एक परिपत्रक आलं. किनारपट्टीच्या एका पाहणीसाठी दोन वर्षं प्रतिनियुक्तीवर माणसं हवी आहेत, सागरी जीवशास्त्र झालेल्यांना प्राधान्य. माझी मुलगी आठवीत आहे. नवऱ्याची नोकरी इथं आहे. माझी कंबर आता बोटीची राहिलेली नाही. फॉर्म टेबलावर आहे, शुक्रवार शेवटचा दिवस.

काल अण्णांचा फोन आला. रिटायर होऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली, ऐकू कमी येतं.

"भरला का?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"नाही अजून. बघते."

"काय बघतीस?"

"तेच कळत नाही अण्णा."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन मायकडे दिला. ती उन्हाळ्यात लोणच्याला किती कैऱ्या घ्यायच्या ते विचारत होती.